न कापलेला शर्ट

“हलक्या गोळीनं काम होत नाही हो,” माझा मुलगा टॉड बंदुकांच्या दुकानात काउंटरमागच्या माणसाला सांगत होता. “गेल्या वर्षी हरणाची एक मादी रात्रभर जिवंत होती. पोटात लागली होती तिला. सकाळी मी गेलो तेव्हा मान वर करून माझ्याकडे बघत होती.”

मी शेजारच्याच मांडणीपाशी लोकरीचे हातमोजे बघत उभी होते. टॉडला वाटत होतं की मी पलीकडे मोज्यांकडे गेले आहे. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की कोण हा निष्काळजी माणूस? कुणी मारली असेल अशी? दर शनिवारी क्लबात पोरांना शिकार शिकवते मी. परवान्याआधी सगळ्यांना करावा लागतो तो वर्ग. तिथे एखाद्या पोराने उत्तर चुकवलं की माझी मान आपोआप त्याच्याकडे वळते, तशी ती वळली. मग त्या निष्काळजी माणसाचा चेहरा शोधायला लागले आणि चेहरा सापडेना. गेल्या वर्षी आमच्या शिकारीच्या कॅम्पात सगळ्यांकडे मोठ्या गोळीच्या रायफली होत्या. टॉडकडे, त्याच्या काकाकडे, काकाच्या जावयाकडे. हलक्या गोळीची रायफल एकच होती, खांद्याचं ऑपरेशन झालेल्या म्हातारीसाठी मुद्दाम आणलेली. हातमोज्याची जोडी एका दोऱ्याने बांधलेली होती, आणि तो दोरा माझ्या बोटात रुतत गेला. मी ओढतच राहिले होते.

म्हणजे मी चुकले नव्हते. गोळी लागली होती. कुणाला सांगून पटणार नाही, पण क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. मग तो क्षण गेला, आणि त्याच्या मागून जे आलं ते अजून गेलेलं नाही. संध्याकाळची वेळ होती. मी मचाणावर बसले होते. समोर दलदलीच्या कडेला टॅमरॅकची झाडं, त्यांच्या पिवळ्या सुया गळून गेलेल्या, त्यामुळे सगळं रान जळक्या काड्यांसारखं दिसणारं. त्यातून ती बाहेर आली. आडवी उभी राहिली, जशी पुस्तकातल्या चित्रात असते तशी. मी चाप ओढला, आणि त्याच क्षणी खांद्यातून अशी कळ गेली की डोळे मिटले. किती वेळ मिटले होते? पापणी लवण्याइतका असेल, थोडा जास्तही असेल. डोळे उघडले तेव्हा ती तिथेच उभी होती. पळाली नव्हती. मी दुसरी गोळी भरायला बोल्टचा दांडा वर उचलायला गेले, तर हात कोपरापाशीच थांबला. वर जाईना, मागे येईना. ती उभी. मी दात आवळून बोल्टशी झटतेय आणि ती उभी, जणू मला वेळ देतेय. मग पाठ जराशी वाकवून, सावकाश, झाडांमागे चालत गेली. मला वाटलं, साफ चुकले. इतकी साफ की ती घाबरलीसुद्धा नाही. पाठ वाकवून! आणि सावकाश! वर्गात मी स्वतः फळ्यासमोर कंबरेत वाकून, जड पावलं टाकत चालून दाखवते. हे असं चालत गेलं तर समजायचं पोटात लागली आहे, मागे धावायचं नाही, काही तास थांबायचं, आणि मग माग काढायचा, शेवटपर्यंत. पोरं हसतात माझ्या चालण्याला. मीही हसू देते, हसल्यावर लक्षात राहतं म्हणून. ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मला दिसलं नाही, कारण मला चुकल्याची लाज वाटत होती. लाज वाटली की माणूस खाली बघतो.

टॉड बॅटरी घेऊन बघायला गेला होता. तो परत आला, बूट दारात आपटून चिखल झाडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “केस नाहीत, रक्त नाही. साफ चुकली, आई.” पोटात लागलं की रक्त फारसं पडतच नाही. केस पडतात, जाडे, करडे, आणि एक हिरवट ओला डाग. मी हे शिकवते. त्याला मीच शिकवलं होतं. माझ्या पहिल्या तुकडीत तो होता, पहिल्या बाकावर.

“आई, इकडे ये ना,” टॉडने हाक मारली. “हे ग्लेन. यांच्याकडे तुझ्यासारख्याच खांद्याची एक बाई आली होती म्हणे.”

ग्लेन हा दाढीवाला, जाड्या, चाळिशी ओलांडलेला माणूस होता. बोलायला बरा होता, पण बोलायचा टॉडशी. मी समोर उभी असूनही त्याने टॉडलाच विचारलं, “मॅडमनी याआधी सेमी-ऑटोमॅटिक वापरलीय का?”

“मॅडमना विचारा,” मी म्हणाले.

“वापरलीय का मॅडम?”

“नाही. आणि वापरणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही.”

तो मोकळेपणाने हसला. “अहो, माझ्या सासऱ्यांचंही नव्हतं. आता उशाशी घेऊन झोपतात. सासूबाई सोफ्यावर.” त्याने मागच्या भिंतीवरून एक काळी, लांब रायफल काढली, तोंड छताकडे करून बोल्ट मागे ओढला, आत बघितलं आणि मग माझ्यापुढे धरली. हे त्याने नीट केलं. रागातही माझं लक्ष तिकडे गेलं, सवयच आहे. “ही तीनशे आठ कॅलिबरची. तुमच्या जुन्या गोळीपेक्षा वजनाने बरीच भारी. हरणाच्या आरपार जाते. आणि गंमत अशी, की गोळी सुटताना जो वायू निघतो ना, त्याच्याच जोरावर ही रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढचं आत घेते. तुम्हाला बोल्टला हात लावायला नको. धक्क्याचा जोरही बराच त्यातच जिरतो. अस्वलसुद्धा खाली बसवेल ही.”

“अस्वलानं काय घोडं मारलंय तुमचं?”

“बघा, म्हटलं नव्हतं?” टॉड त्याला म्हणाला. “आमची आई अशीच आहे.” मग काउंटरवर दोन्ही हात टेकून, थोडा पुढे वाकून, “तीनशे आठच बरी ना? म्हणजे कसं, नेम थोडा इकडेतिकडे झाला तरी जनावर जागच्या जागी बसलं पाहिजे.”

नेम इकडेतिकडे. मी रायफल हातात घेतली, भिंतीकडे वळवली आणि पुन्हा एकदा आत बघितलं. ग्लेनने बघितलेलं असलं तरी. दस्ता प्लास्टिकचा, थंड. ड्वेनची रायफल अक्रोडाच्या लाकडाची होती. तिला गाल लावला की लाकूड आपल्याआधी गरम व्हायचं. ड्वेन म्हणजे माझा नवरा, गेल्या वर्षी वसंतात गेला, आणि त्याच नोव्हेंबरात मी त्याच्याशिवाय पहिल्यांदा कॅम्पावर गेले होते. हंगामाच्या पहिल्या सकाळी शेजारच्या रानातून धडाधड आवाज यायचे, एकामागोमाग एक, छतावर कुणी बटाटे ओतावेत तसे. ड्वेन कॉफीचा मग खाली ठेवायचा आणि म्हणायचा, “शहरातली मंडळी आली.” आम्हीही शहरातलेच. तो ग्रीन बेच्या कागद कारखान्यात, मी शाळेत. पण आम्ही एकच गोळी झाडणारे शहरातले होतो. एका गोळीचा केवढा अभिमान होता आम्हाला! त्या अभिमानावर मी पोरांच्या कितीतरी तुकड्या वाढवल्या. मोठी गोळी वाईट जागी लागली तर ती वाईटच, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. आणि आता माझा मुलगा माझ्यासाठी मोठी गोळी निवडत होता, कारण माझ्या गोळीची जागा वाईट असणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं. वर्षभर त्याने ते धरून ठेवलं, रविवारी माझ्याकडे जेवायला येऊन, पाय टेबलाखाली पसरून, आणखी थोडं वाढ म्हणत.

जेवायला. तेव्हा मला सॉसेजची आठवण झाली, आणि रायफल मी काउंटरवर ठेवली.

गेल्या वर्षी, त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच मी उठून बेकन तळत होते. खिडकीच्या काचेवर बर्फाची जाळी होती. दलदलीकडून एकच आवाज आला, एकटा, स्वच्छ. मी तव्यावर उलथणं आपटून ओरडले, “टॉड! तो आपला टॉडच!” लव्हर्न टेबलाशी बसला होता. लव्हर्न हा ड्वेनचा थोरला भाऊ, आमच्या कॅम्पाचा कारभारी. तो कपात साखर ढवळत राहिला, आणि लव्हर्न साखर घेत नाही. थोड्या वेळाने टॉड एक तरुण मादी ओढत घेऊन आला. मी बाहेर धावले, त्याच्या गार गालावर थाप मारली, म्हणाले, “बापाचं नाव राखलंस.” आणि तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, बापाची आठवण आली पोराला. त्याने ती आपल्या परवान्यावर नोंदवली. तिचं मांस मी बारीक केलं, मोहरी आणि लसूण घालून सॉसेज केली, डिसेंबरात, जानेवारीत, मार्चपर्यंत खाल्ली. शेजारणीला दिली. चर्चच्या जेवणाला नेली, लोकांनी कृती विचारली. खाटकाने पोटाकडचा बराच भाग काढून टाकला होता, आणि मी त्याच्यावर चिडले होते, की माणूस नासाडी करतो म्हणून.

ती माझीच मादी होती हे मला कुणी सांगितलं असतं तर मी खाल्ली नसती का? खाल्ली असती. जास्त जपून खाल्ली असती. प्रत्येक घास माझा होता हे जाणून खाल्ली असती. तेवढंही त्यांनी मला करू दिलं नाही.

आणि शर्ट. आमच्या इकडे कॅम्पावर ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाची मागची खालची किनार त्या रात्री कापतात. जेवणाच्या टेबलासमोर उभं करतात, सगळे टेबल बडवतात, लव्हर्न मेंढ्यांची लोकर कापायची जुनी कात्री घेऊन येतो, आणि कापलेल्या तुकड्यावर नाव नि वर्ष लिहून तो वरच्या तुळईला ठोकतात. ड्वेनचे तीन तुकडे आहेत तिथे. टॉडचा पहिला तुकडा शाळेच्या शर्टाचा आहे. माझाही एक आहे, निळ्या चौकड्यांचा. टॉड पोटात होता त्या वर्षीचा. तेव्हा लव्हर्न म्हणाला होता, “दोघांचा मिळून कापतो, जरा मोठा कापतो.” कापून झाल्यावर हातात ब्रँडी देतात, आणि मग तुम्ही त्यांच्यातले असता. माझ्यासारख्या एखाददुसऱ्या बाईला त्या घरात जागा मिळते ती स्वयंपाकामुळे मिळत नाही, त्या तुळईमुळे मिळते. गेल्या वर्षी टॉड बॅटरी घेऊन परत आला, साफ चुकली म्हणाला, आणि मी आपण होऊन शर्ट पँटमधून बाहेर काढला, टेबलाकडे पाठ करून उभी राहिले. म्हटलं, चला, होऊन जाऊ द्या. कुणी टेबल बडवलं नाही. कात्री फळीवर होती, मला दिसत होती. लव्हर्न म्हणाला, “अगं बस मार्लिस, सूप निवतंय.”

मी शर्ट आत खोचला आणि बसले. त्यानंतर वर्षभर मी एकच राग जपला. मला वाटलं, कीव केली माझी. नवरा मेलेली, खांदा गेलेली म्हातारी, हिचा काय शर्ट कापायचा? आता ही पाहुणी, आता हिने सूप करावं. भांडी घासताना मी लव्हर्नशी भांडायचे, मोठ्याने, घरात कुणी नसताना. त्याला काय काय सुनवायचं ते माझं तयार होतं. आणि आज ह्या दुकानात, नारिंगी टोप्यांच्या आणि लाकडी बदकांच्या मधोमध उभं राहून मला कळत होतं की तो सगळा राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता. लव्हर्नने कीव केली नव्हती. शर्ट चुकलेल्याचा कापतात. मी चुकले नव्हते, म्हणून त्या माणसाचा हात कात्रीकडे गेला नाही. खोटं कापायचं नाही, एवढा तो प्रामाणिक. खोटं गप्प बसायला मात्र त्याला काही वाटलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी मला सांगून टाकलं होतं, आणि मी चाळीस वर्षं ती रीत बघत आलेली बाई, मला वाचता आलं नाही.

“मॅडम, खांद्याला लावून तर बघा,” ग्लेन म्हणाला.

“टॉड,” मी म्हणाले, “ती रात्रभर कुठे होती?”

“कोण?”

“माझी मादी.”

ग्लेन शहाणा होता. त्याला अचानक दुकानाच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी काम आठवलं. टॉडचा चेहरा आधी लाल झाला, मग नुसताच मोठा, लहानपणी व्हायचा तसा. “तू ऐकलंस.”

“मी मास्तरीण आहे. पाठीमागचं ऐकायचा पगार घेतलाय मी.”

“आई, बाहेर जाऊया. गाडीत बसून बोलू.”

“इथेच. कुणाकुणाला माहीत होतं?”

“सगळ्यांना.”

“लव्हर्नला?”

“मी बॅटरी घेऊन आलो, तो बाहेर लाकडं काढत होता. त्याला केस दाखवले. तो म्हणाला रात्री मागे लागलं तर ती दलदलीत आत जाईल, सापडणार नाही, पहाटे जा. बरोबरच होतं ते. तूच शिकवतेस.”

“माझं शिकवणं मला नको सांगूस. मला का नाही सांगितलं?”

“बाबा जाऊन किती दिवस झाले होते? तू तिथे त्यांच्या खुर्चीत बसली होतीस, त्यांचं जाकीट घालून. मी दारातून आत आलो आणि तू अशी बघत होतीस...” त्याने हात उडवला. “नाही जमलं मला. चुकली म्हणून टाकलं. नंतर एकदा म्हटल्यावर कसं परत घ्यायचं?”

“तोंड उघडून.”

“उघडणार होतो. ख्रिसमसला उघडणार होतो. तू सॉसेजचं पातेलं घेऊन आलीस.”

तो हे विनोदाने म्हणाला नव्हता. पण त्यात विनोद होता, आणि एखाद्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही हसलो असतो, तो त्याच्या बापासारखा खांदे हलवत. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, “फेब्रुवारीत वर्गात एका मुलीनं विचारलं मला. बाई, तुमच्या हातून कधी जखमी होऊन गेलंय का एखादं? मी काय सांगितलं ठाऊक आहे? नाही म्हणाले. इतक्या वर्षांत एकही नाही. सगळी पोरं बघत होती. त्या मुलीनं ते लिहून घेतलं, टॉड.”

त्याने जाकिटाची चेन वर ओढली, पुन्हा खाली केली.

“तू मला त्यांच्यासमोर खोटं बोलायला लावलंस. मी खोटं बोलतेय हे मला माहीतही नव्हतं.”

“तुला वाईट वाटू नये म्हणून—”

“वाईट वाटणं माझं होतं. ती जशी माझी होती, तसंच तेही. तू माझ्या वाट्याचं उचलून नेलंस आणि आपल्या परवान्यावर नोंदवलंस.”

शेजारून एक जोडपं गेलं, लहान मुलाला टोपी घालून बघत. मुलाला टोपी नाकापर्यंत येत होती. मी थांबले. पोरांसमोर आवाज चढवायचा नाही ही इतक्या वर्षांची सवय, ती अशा वेळीही सुटत नाही. आणि राग असा, की आवाज चढवता येत नाही म्हटल्यावर तो खाली उतरतो. टॉड काउंटरवरच्या रायफलीकडे बघत होता. “म्हणूनच तर ही घ्यायला आणलं तुला,” तो हळूच म्हणाला. “तुला कॅम्प सोडायला सांगू असं लव्हर्नकाका म्हणत होता. मी म्हटलं नाही. मोठी देऊ, बोल्ट नसलेली देऊ, आई येईल. मी भांडलोय त्यांच्याशी.”

हे मला नवीन होतं. मी येणार की नाही, यावर टेबलाशी बसून बोलणी झाली होती. लव्हर्न, त्याचा जावई आणि हा. मी नव्हते. मी कदाचित त्याच वेळी भांडी घासत लव्हर्नशी भांडत होते. मुलगा माझ्या बाजूने बोलला याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण माझी बाजू मांडताना त्याने काय मांडलं असेल? आई नेम चुकवणारच, पण गोळी एवढी मोठी देऊ की चुकीलाही चालेल. हीच ना माझी बाजू? मी ग्लेनला हाक मारली.

“झाडून बघता येईल?”

“मागे खोली आहे मॅडम, नेमबाजीची. पण आधी जरा पाणीबिणी—”

“पाणी नको. काडतुसं द्या.”

ती लांब, बिनखिडक्यांची खोली होती, जळक्या दारूच्या वासाची. कानांवर ते जाड कप बसवले की जग दूर जातं, आणि आपला श्वास तेवढा जवळ उरतो. मी बाकावर बसले, दस्ता खांद्याला लावला. जड होती. टॉड मागे काचेपलीकडे उभा होता. त्याचं बघणं मला मानेवर कळत होतं. मी मनात म्हणाले, खांदा सैल, श्वास अर्धा सोड, चाप ओढू नको, दाब. माझ्याच आवाजात, वर्गातल्या. धक्का बसला. पण तो धक्का होता, कळ नव्हती. कुणी तळहाताने खांदा मागे लोटावा तसा. डोळे उघडेच राहिले. आणि मी काहीच केलं नव्हतं, हात जागचा हलवला नव्हता, तरी ती पुन्हा तयार होती. रिकामं काडतूस बाजूच्या फळीवर वाजून खाली पडलं, तोवर पुढचं आत गेलं होतं. एवढंच होतं ते. एवढंच? गेल्या वर्षी माझ्यासमोर ती उभी होती, एक आख्खं वाक्य बोलून होईल इतका वेळ उभी होती, आणि तिला हवं होतं ते एवढंच. आणि मी म्हणे एका गोळीवाली. छतावर बटाटे ओतणाऱ्यांना नावं ठेवणारी. ड्वेन असता तर त्यानेही ठेवली असती, मग ठेव म्हणावं खाली तो कॉफीचा मग आणि ये इकडे, उचलून दाखव माझ्या हाताने तो बोल्ट! मी दुसरी झाडली. कागदावरचं दुसरं भोक पहिल्याला जवळजवळ चिकटून पडलं. माझा नेम कुठेही गेलेला नव्हता. गेला होता तो खांदा. हे दोन वेगवेगळे रोग आहेत आणि ह्या लोकांनी त्यांना एकच औषध आणलं होतं. औषध बरोबर होतं याचाही मला राग आला.

ग्लेनने कागद ओढून आणला. “वा! दोन्ही भोकं एका बिस्किटाखाली झाकतील की.”

टॉड मोठ्याने, सुटल्यासारखा हसला. “बघ आई! म्हटलं नव्हतं मी?”

“हसू नकोस,” मी म्हणाले. मग ग्लेनकडे वळले. “हीच द्या. पण हे एवढ्या गोळ्यांचं मॅगझिन नको. सगळ्यात लहान असेल ते द्या.”

“लहान कशाला मॅडम? असू द्या की. जास्तीची गोळी असली तर काय बिघडलं?”

“मला फक्त दुसरी हवी आहे. तिसरी लागायला लागली तर मी घरी बसेन. मला कुणी सांगायला नको.” हे मी ग्लेनला म्हणाले, पण ऐकायचं कुणी ते तिघांनाही कळलं. टॉडने पाकिटाला हात घातला, तो मी बाजूला सारला. गाडीत बसल्यावर तो किल्ली न फिरवता म्हणाला, “अजून रागावली आहेस?”

“हो.”

“किती दिवस राहणार?”

“बघू. रविवारी मला कॅम्पावर घेऊन चल. ती कुठे पडली होती ती जागा दाखव.”

“तिथे आता काही नसेल आई. वर्ष झालं. मी नेलीच की तिला तिथून.”

“काय नसेल ते मला माहीत आहे.”

रविवारी आम्ही गेलो. हंगाम लागायचा होता, रानात कुणी नव्हतं. टॅमरॅक पूर्ण पिवळे होते, वारा आला की सुया धुळीसारख्या खाली येत होत्या, आमच्या नारिंगी जाकिटांवर बसत होत्या. टॉड पुढे चालत होता, दलदलीतले गवताचे कोरडे उंचवटे धुंडत, मधूनमधून मागे हात देत. तो हात मी घेतला नाही. मला वाटत होतं खूप आत जावं लागेल. रात्रभर, म्हणजे खूप लांब, असं काहीतरी माझ्या मनाने ठरवलं होतं. गोळी लागलेलं जनावर दूर जातं, डोळ्यांआड जातं, आणि मग तिथे जे होतं ते होतं. पण टॉड लवकरच थांबला. आडव्या पडलेल्या एका सीडरच्या झाडाच्या मुळापाशी गवताची खोलगट जागा होती, एखादं मोठं मूल पाय पोटाशी घेऊन झोपेल एवढी. “इथे,” तो म्हणाला.

मी खाली बसले. गवत ओलं होतं. काही नव्हतं, तो म्हणाला होता तसंच. मी ती जशी बसली असेल तशा अंदाजाने तोंड फिरवलं. पोटात लागलेलं जनावर आपल्या मागाकडे तोंड करून बसतं, मागून कुणी येतंय का ते बघायला. समोर पिवळ्या फांद्यांच्या मधून माझं मचाण दिसत होतं. नुसतं झाड नाही, मचाणाची शिडी दिसत होती, शिडीच्या पायऱ्या दिसत होत्या. त्याच्या डाव्या अंगाला कॅम्पाचं छप्पर आणि धुराडं. त्या संध्याकाळी फांद्यांना सुयाही नव्हत्या.

“टॉड, जा, मचाणावर चढ.”

“कशाला?”

“जा म्हटलं ना.”

तो गेला. मी त्याला जाताना बघत राहिले. एकदाही दिसेनासा झाला नाही. नारिंगी रंग झाडांतून चालत गेला, शिडी चढला, माझ्या जागेवर बसला. मग त्या संध्याकाळी मी उतरताना तिला कशी दिसले असेन ते मला दिसलं. एक नारिंगी बाई, खांदा धरून, एकेक पायरी उतरणारी. मग दार उघडून आत जाणारी. मग खिडकीतला उजेड. टेबल, सूप, खुर्च्या सरकवल्याचे आवाज. मी त्या उजेडात पाठ करून उभी होते, शर्ट बाहेर काढून, माझ्याच अपमानाची वाट बघत, आणि ती इथे मान वर करून बसली होती. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. राग तसाच होता, फक्त आता त्याला बसायला जागा मिळाली होती.

“या वर्षी मी तिथेच बसणार,” मी म्हणाले. ओरडले नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावं एवढाच आवाज काढला. “आणि लागून गेली तर माग मी काढणार. रात्र झाली तर रात्रभर थांबेन. तू नाही, लव्हर्न नाही. मी. ऐकू आलं?”

“आलं,” मचाणावरून टॉड म्हणाला. त्यालाही ओरडावं लागलं नाही.